ताई, तू लाठी कापलीस

ताई, आज सकाळी तुझ्या त्या कुत्र्याला, मुकादमला, न्यायला माणसं आली होती. मीच बोलावली होती. तू असतीस तर माझ्या कानाखाली वाजवली असतीस, आणि मीही काही ऐकून घेणारी नव्हे, तुझा दंड पिरगाळला असता. साठी उलटलेल्या दोन बहिणी एकमेकींच्या झिंज्या धरतात, याचं आपल्या सोसायटीला आता काही वाटेनासं झालं होतं. पण तू नाहीस. तेरावा झाला, नागरवाड्याचे चुलतभाऊ जेवून, 'काही लागलं तर फोन कर' म्हणून गेले, आणि घरात उरलो मी आणि तुझा कुत्रा. तो तुझ्या खाटेखाली, मी हातात ताटली घेऊन दारात. मी एक पाऊल आत टाकलं की तो दात दाखवतो.

मला रडू येत नाही. मला राग येतो. भेटायला आलेली माणसं हळू आवाजात म्हणतात, 'टीचर शांतपणे गेल्या.' जन्मभर जिने कपाटाचं दार कधी शांतपणे लावलं नाही, तिच्याबद्दल हे ऐकून घ्यायचं! मैदानावर मुलींना गोळाफेक शिकवायचीस तेव्हा तुझी हाक फतेगंजच्या रस्त्यापर्यंत जायची. रिक्षावाल्याशी भांडलीस, भाजीवालीशी भांडलीस, बँकेत काचेवर बुक्क्या मारल्यास, आणि मरताना मात्र चहाचा कप नीट बशीत ठेवून, खुर्चीतल्या खुर्चीत. माझ्याशी भांडण अर्धवट टाकून. हे मला अजिबात पटलेलं नाही.

तेव्हा आज मी बोलणार आणि तू ऐकणार. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगणार, कारण मधेच तोडायला तू नाहीस.

तू पादरा गावाला गेली होतीस, जुन्या विद्यार्थिनीच्या मुलाच्या लग्नाला. परत आलीस ती टेम्पोत, ड्रेसची बाही फाटलेली, आणि शेजारी तुझ्याच ओढणीने तोंड बांधलेला हा घोडा. लग्नाच्या मंडपामागे एक गोदाम होतं म्हणालीस. लोखंडी दाराला हा साखळीने बांधलेला आणि चौकीदार त्याला वेताच्या काठीने बडवत होता. भुंकला म्हणून नव्हे, कुत्रा तापट राहावा म्हणून. रोज सकाळी दात घासावेत तसं तो माणूस त्याला मारायचा. तू काठी हिसकावून घेतलीस आणि त्याच्याच पाठीत दोन ठेवून दिल्यास. पंगतीतली माणसं हात धुवायचं सोडून बघत राहिली. नवऱ्या मुलाच्या आईला काय वाटलं असेल याचा तू विचारही केला नसशील, पण ती तेराव्याला आली होती आणि रडताना हेच सांगत होती.

आल्या आल्या त्याने घरातल्या सगळ्यांवर, म्हणजे माझ्यावर, नजर ठेवायला सुरुवात केली. मी ओट्यापाशी गेले की तिथे, मशीनवर शिवायला बसले की तिथे. म्हणून तो मुकादम. त्याच्या मानेवर साखळीने घासून टक्कल पडलेला पट्टा होता, एक कान फाटलेला होता. जळमटं काढायला मी लांब झाडू वर केला तेव्हा त्याने झाडूचा पार चोथा केला आणि माझी पोटरीही थोडक्यात वाचली. तू काय म्हणालीस? 'झाडू कपाटात ठेव, कुंदे.' पोटरी ठेवू का कपाटात, असं मी विचारलं, तर हसलीस.

आणि मग एक दिवस तुझ्या डोक्यात खेळ शिरला. 'याला खेळता येत नाही गं. एवढा वयात आलेला कुत्रा, पण काही फेकलं तर आणायचं असतं हेसुद्धा माहीत नाही.'

'मलाही येत नाही. मला कोण शिकवतंय?'

'तुला शिकवून झालंय,' म्हणालीस. 'तू ढ आहेस.'

पहिला चेंडू तू मैदानावर टाकायचीस तसा टाकलास, हात डोक्यावरून घेऊन. मुकादम जमिनीला असा चिकटला की जणू त्याच्यावर छत कोसळलं. खाली मुतला. आणि चेंडू भिंतीवर आपटून थांबला तेव्हा उठून त्याने चेंडूकडे नाही, तुझ्या हाताकडे झेप घेतली. त्या दिवशी नुसती बाही फाटली. त्याच्या आयुष्यात जे काही कुणी फेकलं होतं ते त्याच्यावर फेकलं होतं. दगड, विटा, ट्रकवाल्यांच्या बाटल्या. फेकलेली वस्तू आपल्यासाठी असते हे त्याला कळणार कसं? मी म्हटलं, नाद सोड. तू हट्टाला पेटलीस.

तुझं शिकवणं मी तेव्हा पहिल्यांदा जवळून पाहिलं. शाळेत नुसता आरडाओरडा करतेस असं मला वाटायचं. इथे आवाजच नाही. तू जमिनीवर मांडी घालून बसायचीस, चेंडू नुसता पडलेला असायचा. चेंडूजवळ ताटली. मग चेंडू ताटलीत. त्याने नाकाने ढकलला की उकडलेल्या कलेजीचा तुकडा आणि हळूच 'शाब्बास'. कलेजीच्या वासाने वरच्या मजल्यावरच्या कोकिलाबेनने खिडक्या लावून घेतल्या, त्या आजतागायत उघडलेल्या नाहीत. नंतर चेंडू वीतभर घरंगळत जायचा. फेकायचा नाही, नुसता सोडायचा, हात जमिनीलगत ठेवून. त्याच्या डोक्याच्या वर हात जाऊ द्यायचा नाही. कुत्र्याला अजून हवंहवंसं वाटत असतानाच तू चेंडू उचलून ठेवायचीस. मी विचारलं, आत्ता तर जमायला लागलं होतं, बंद का केलंस? 'म्हणूनच,' म्हणालीस.

तोंडात धरायला शिकला तर नवीनच संकट. धरलेलं सोडेना. चेंडू घेऊन खाटेखाली जायचा आणि गुरगुरायचा. मी म्हटलं, ओढून घे. तू म्हणालीस, ओढलं की तो समजेल लढाई आहे, आणि लढाईत तो आपल्यापेक्षा हुशार आहे. तू दुसरा चेंडू आणलास, अगदी तसाच. तो दाखवला की त्याच्या तोंडातला पहिला गळून पडायचा, आणि तो पडत असतानाच तू म्हणायचीस, 'सोड.' आधी सोडणं, मग शब्द. असं करत करत त्याला वाटायला लागलं की तो शब्द ऐकूनच आपण सोडतोय. ही तुझी लबाडी मला फार आवडली होती. तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हणाले असते तर तू सोसायटीभर सांगत सुटली असतीस.

मैदानावर पहाटे लांब दोरीला बांधून तू त्याला न्यायचीस. चेंडू जायचा, तो जायचा, आणायचा, सोडायचा. लष्कराच्या वसाहतीतले म्हातारे फिरायला यायचे ते थांबून बघायचे. तिथून परत आलीस की तुझे गाल लाल झालेले असायचे आणि माझ्यावर एकदाही न ओरडता तू चहा करायचीस. त्या दिवसांबद्दल मी त्या कुत्र्याचे आभार मानते. तुझे मानायला मात्र जीभ वळत नाही, कारण पुढचं सगळं तुझ्यामुळे झालं.

दसरा. आपल्या घरात दसऱ्याला जे होतं ते बडोद्यात आता कितीशा घरांत होत असेल? आजोबा संस्थानच्या फौजेत होते. तलवार कुठे गेली देव जाणे, राहिली ती त्यांची लाठी. दोन्ही टोकांना पितळी शेंबी, मधे तळव्यांनी गुळगुळीत झालेला बांबू. पाटावर लाठी, तुझा लोखंडी गोळा, माझी शिवणाची कात्री, विळी. हळद, कुंकू, झेंडू, आपट्याची पानं. आणि पूजा झाली की घरातल्या मोठ्याने लाठी उचलून फिरवायची. बाबा फिरवायचे, बाबांमागून तू. कधी चुकलेलं नाही. काठीच्या नावाने थरथरणारा कुत्रा घरात आहे, आणि एक शिकलीसवरलेली बाई, जी त्याच्यासमोर चेंडूसुद्धा खांद्याच्या वर नेत नाही, ती नवी साडी नेसून, त्याला मोकळं ठेवून, त्याच्या नाकासमोर लाठी गरगर फिरवते! तुझ्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. ती आपल्याला काठी वाटतच नव्हती. देवासमोरची वस्तू वाटत होती.

त्याने भुंकण्याचीही वाट पाहिली नाही. तुझा उजवा हात कोपराखाली त्याच्या जबड्यात होता आणि तू भिंतीवर आदळलीस. लाठी माझ्या पायाशी येऊन पडली. मी ती उचलली आणि मारलं. जिवाच्या आकांताने मारलं, पाठीवर, मानेवर, परत पाठीवर. बाबांनी शिकवलेली पकड हाताला आपोआप आली. तो केकाटला आणि सुटला. मला त्याचा पश्चात्ताप नाही, ताई, आजही नाही. त्याच्या तोंडात तुझा हात होता आणि मला तुझं हाड दिसत होतं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारेन.

आणि तू काय केलंस? रक्त गळणाऱ्या हाताकडे बघितलंसुद्धा नाहीस. जखमेवरचा डावा हात उचलून माझ्या थोबाडीत भडकावलीस. 'त्याला मारतेस? मारतेस त्याला?' माझ्या गालावर तुझ्या रक्ताची पाच बोटं उठली. पाटावरच्या कुंकवात आणि जमिनीवरच्या रक्तात फरक कळत नव्हता. दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, 'कुत्रा पाळीव आहे का?' तू म्हणालीस, 'कुत्रा ठीक आहे. बहीण पाळीव नाही.'

टाके निघायच्या आधीच एका दुपारी मला करवतीचा आवाज आला. मी शिवत होते. वाटलं, शेजारी सुतार आला असेल. आवाज आपल्याच गॅलरीतून येत होता. तू आजोबांची लाठी गुडघ्याखाली दाबून डाव्या हाताने कापत होतीस. एक शेंबी आधीच निघून कोपऱ्यात पडली होती. वीतवीतभराचे तुकडे.

हे भांडण. हेच ते अर्धं राहिलेलं.

ती लाठी तुझी नव्हती, ताई. घरातली होती, पण खरं तर माझी होती, आणि तुला ते माहीत होतं. नागरवाड्यात, सासरी, माझ्या नवऱ्याने माझं मनगट दरवाजात धरून दार लावलं, त्या दिवशी तू आलीस. फोन मी केला नव्हता. शेजारणीने केला होता. तू चपला न काढता माजघरात शिरलीस, हातात ती लाठी. त्याच्या गुडघ्यावर असा घाव घातलास की तो आवाज मला अजून ऐकू येतो. तो खाली बसला, त्याची आई ओरडत होती, आणि तू मला म्हणालीस, 'चपला घाल.' रिक्षात लाठी दोन्ही बाजूंनी बाहेर निघत होती. रिक्षावाला कुरकुरला, तर त्यालाही दम भरलास. त्या दिवसापासून ती लाठी माझ्या खोलीच्या दारामागे उभी होती. दसऱ्यापुरती बाहेर यायची. ती तिथे होती म्हणून मला झोप लागायची. इतकी वर्षं लागली.

तर मी तुझ्या हातातली करवत ओढली. तू सोडली नाहीस. मग काय झालं ते सांगायला मला आता हसू येतं, पण तेव्हा आपण दोघी एकमेकींना खरंच मारत होतो. तुझी वेणी माझ्या मुठीत होती. तू माझ्या खांद्याला चावलीस. चावलीस, ताई! कुत्र्याची शिकवणी घेता घेता हे उचललंस वाटतं. कुंडी फुटली. मुकादम हिंचक्याच्या फळीखाली अंग चोरून थरथरत होता. वरून कोकिलाबेनचा आवाज आला, 'शुं थयुं बेन? बधुं बराबर ने?' आणि जमिनीवर पडल्या पडल्या आपण दोघी एका सुरात ओरडलो, 'हा हा, बधुं बराबर!' सगळं ठीक म्हणे!

मग धापा टाकत तू म्हणालीस, 'या लाठीने या घरात फक्त मारलंय.'

मी म्हटलं, 'मला वाचवलंय तिने.'

'तुला मी वाचवलं, कुंदे. लाठीने फक्त मारलं.'

मी आत गेले, दार लावलं, आणि दारामागे काहीच नव्हतं. त्या दिवसापासून आपण मिठापुरतं, दुधापुरतं बोलत होतो. तू समोर असताना तुझ्या त्या वाक्याला उत्तर सुचेल आणि मग तुझी जिरवेन, असं मी धरून चालले होते. ते उत्तर सुचायच्या आधी तू खुर्चीत मान टाकलीस. आता मी ते कुणाला देऊ?

तू मात्र कामाला लागलीस. लाठीचा एक तुकडा कलेजीच्या पाण्यात भिजवून ताटलीजवळ ठेवलास. मुकादम दिवसभर जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही. तू जमिनीवर बसून वर्तमानपत्र वाचत राहिलीस, त्याच्याकडे बघायचं नाही, तुकड्याकडे बघायचं नाही. कधीतरी त्याने येऊन हुंगला आणि उडी मारून मागे गेला. मी स्वयंपाकघरातून बघत होते. तू मान वळवलीस की मी पोळी लाटत असायचे. तुझा हात धड वळत नव्हता, तरी तू पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. आधी नुसता पडलेला तुकडा, मग घरंगळणारा, मग वीतभर जाणारा. आधी लहान तुकडा, मग कुठूनशी आणलेली हातभर छडी, मग त्याहून लांब. ज्या दिवशी त्याने ती छडी तोंडात आडवी धरून तुझ्यासमोर आणून ठेवली, त्या दिवशी तू अंगणातून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून ओरडलीस, 'कुंदे, बघितलंस का?' मी बघितलं होतं. मी म्हटलं, 'दूध उतू जातंय.' दूध उतू जात नव्हतं. मला जे वाटलं ते तुला दाखवायचं नव्हतं. इतकं तर तूही मला कधी दाखवलं नसतंस.

तुला न्यायला चुलतभाऊ आले तेव्हा मुकादमने उंबरठा अडवला. मी त्याला न्हाणीघरात कोंडलं. तो दारावर अंग आपटत होता आणि इकडे आम्ही तुझ्या कपाळाला कुंकू लावत होतो. नंतर त्याने अन्न सोडलं. मी ताटली ठेवून लांब गेले तरी खाईना, रात्री उशिरा दोन घास खायचा तेवढेच. त्याच्या दृष्टीने मी कोण? दसऱ्याला लाठी घेऊन मारणारी बाई. ती एकटीच आता घरात उरली. मला त्याची भीती वाटत होती आणि त्याला माझी, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो.

सोसायटीचे हसमुखभाई परवा दारात आले. 'टीचर हतां त्यां सुधी अमे कंई नथी बोल्या, बेन. पण हवे तमे एकलां.' तू होतीस तोवर ते काही बोलले नाहीत, पण आता मी एकटी, म्हणून. माणूस वाईट नाही. त्यांच्या ओळखीचं कुणी कुत्री पकडून शहराबाहेर ठेवायला नेतं. मी हो म्हटलं. मी थकले होते, ताई. मला झोप नाही. तुझी खोली रिकामी, त्या खोलीत दात दाखवणारं जनावर, आणि माझ्या दारामागे काही नाही.

आज सकाळी हसमुखभाईंबरोबर दोन माणसं आली. एक तरणा, एक पोक्त. हातात लांब बांबू, टोकाला तारेचा फास. पोक्त माणसाने खाटेखाली वाकून बांबू सरकवला. मुकादम कोपऱ्यात दबला. खाटेखालून मुताचा ओघळ बाहेर आला. फास लागेना. तेव्हा त्या माणसाने बांबू उलटा धरला आणि बुडाने त्याच्या पाठीत हाणला, तो बाहेर यावा म्हणून. एकदा. परत एकदा. कुत्रा ओरडला नाही. मी मारलं होतं तेव्हा ओरडला होता. या वेळी त्याने नुसतं तोंड भिंतीत खुपसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो बांबू माझ्या हातात कसा आला ते मला सांगता येणार नाही. त्या माणसाच्या नडगीवर एक बसली, तो मटकन खाली बसला, तरणा दाराबाहेर पळाला आणि हसमुखभाई 'बेन, बेन' करत जिन्यात मागे सरकले.

आणि मी वळले तर मुकादम खाटेखालून बाहेर आला होता. मान खाली, ओठ वर, डोळे माझ्या हातातल्या बांबूवर. दसऱ्याच्या दिवशी होता तेवढ्याच अंतरावर. फक्त आज तुझ्या जागी मी होते, आणि मला वाचवायला लाठी उचलणारं मागे कुणी नव्हतं.

मी मारू शकत होते. हात तयार होता. बाबांनी शिकवलेली पकड जशीच्या तशी होती. ताई, खरं सांगते, मी घाबरले होते आणि घाबरल्यावर मला मारताच येतं, दुसरं काही मला कुणी शिकवलंच नाही. पण त्या जनावराकडे बघताना मला एवढंच दिसलं की त्यालाही तेच येतं. मी हात खाली घेतला, पार जमिनीजवळ, आणि तो बांबू उघड्या दारातून अंगणात सोडून दिला. शहाणपणाने नाही. मला तो हातात नको झाला होता.

मुकादम माझ्या पायाला घासून सुसाट बाहेर गेला. अंगणात एकच आरडाओरडा. कोकिलाबेन देवाचा धावा करत होती. मी म्हटलं, गेला. पळाला तो, आता कुठल्या गाडीखाली जाईल कुणास ठाऊक, आणि हे सगळं माझ्यामुळे. मी दाराच्या चौकटीला धरलं.

मग चौकटीवर धडक बसली. मोठा आवाज झाला. परत एकदा. मुकादम दारात उभा होता, बांबू तोंडात मधोमध आडवा धरून, फास मागे घासत. दार अरुंद आणि बांबू लांब. तो मागे जायचा, जोरात यायचा, आणि दोन्ही टोकं चौकटीवर आपटून थांबायचा. ज्या फासाने त्याला नेणार होते तो घेऊन तो घरात यायला बघत होता. शेवटी त्याने मान वाकडी केली, एक टोक आत घेतलं, आणि बांबू ओढत माझ्यासमोर येऊन बसला. लाळ गळत होती. बांबू अजून तोंडात होता.

'सोड,' मी म्हटलं. माझा आवाज तुझ्यासारखा निघाला नाही. फाटका निघाला. तरी त्याने सोडला.

मी तिथेच उंबरठ्यावर बसले आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडले. हसमुखभाई, कोकिलाबेन, सगळी सोसायटी बघत होती, तरी रडले. नडगी चोळत पोक्त माणूस म्हणाला, 'बेन, आ तो पाळेलो छे. आने शुं काम आपो छो?' पाळलेला आहे तर देता कशाला, म्हणे.

लाठी कापलीस ते चुकलंच तुझं. मला विचारायला हवं होतंस. हे मी मरेपर्यंत म्हणणार, आणि तुझं तू तिकडे म्हणत राहा. तो माणूस आपला बांबू मागत होता. त्यांना दुसऱ्या ठिकाणी जायचं होतं. मी म्हटलं, 'ऊभा रहो ने भाई, जरा.' मुकादम माझ्याकडे बघत होता. मी बांबू उचलला, हात जमिनीलगत ठेवला, आणि पुन्हा फेकला.